कुरुळीला, शैलाच्या दुखण्यापाशी

चाकणला कुणी फिरायला जात नाही. माणसं तिथं कामाला जातात, मुलाखतीला जातात, मालाची गाडी घेऊन जातात. मी हैदराबादहून रजा टाकून पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या बाजूला निघाले, तेव्हा प्रयोगशाळेतल्या मुलींनी विचारलं, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "माहेर आहे." हे अर्धंच खरं होतं. आई-वडील जाऊन बरीच वर्षं झाली, घर विकलं गेलं, आणि ज्या चाळीत मी वाढले ती चाळही आता नाही. उरली होती ती शैला.

शैला आणि मी कासारवाडीला, रेल्वेलाइनच्या कडेच्या चाळीत भिंतीला भिंत लावून वाढलो. शाळा एक, वर्ग एक, बाकही एकच. मी विज्ञानाकडे गेले आणि शिकत शिकत हैदराबादला पोचले. शैला बारावीनंतर चाकणच्या एका कंपनीत लागली. गाड्यांच्या वायरिंगची जुडगी बांधायची तिथं लाइन असते, त्या लाइनवर. लग्न करून ती कुरुळीला राहायला गेली. आमचे फोन सणासुदीला व्हायचे. गेल्या हिवाळ्यात मात्र सण नसताना, भर दुपारी, तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला.

"अर्चे, तू आतड्यावरच काम करतेस ना गं?"

"हो. का?"

"मग एकदा येऊन जा. फोनवर सांगण्यासारखं नाही."

शैलानं आयुष्यात मला कधी 'ये' म्हणून सांगितलं नव्हतं. नेहमी मीच विचारायचे, येऊ का. त्याच संध्याकाळी मी तिकीट काढलं.

माझं काम काय ते इथंच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याला धरून आहे. काही माणसांच्या आतड्याला आतून सूज येते आणि ती उतरतच नाही. जखमा होतात, रक्त जातं, दिवसातून कितीही वेळा संडासला पळावं लागतं. या सुजेमागे केमोकाइन नावाची इवलीशी प्रथिनं असतात. आतड्याच्या अस्तराला इजा झाली, जंतू शिरला, की तिथल्या पेशी केमोकाइन सोडतात, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्या मागावर त्या जागी येतात. येतात, लढतात, काम झालं की पांगतात. निरोगी माणसात असं होतं. या आजारात केमोकाइन सुटणं थांबत नाही. पेशी येतच राहतात, लढायला कुणी नसलं तरी लढतात, आणि आपल्याच आतड्याची चाळण करतात. मी बरीच वर्षं यातल्या एका केमोकाइनवर काम करते. उंदरांवर आणि काचपट्टीवर ठेवलेल्या तुकड्यांवर.

कासारवाडी

पुण्याला उतरून थेट कुरुळी गाठता आली असती. शैला दुपारपर्यंत कंपनीत होती, म्हणून मी लोणावळ्याकडची गाडी धरली आणि कासारवाडीला उतरले.

स्टेशन तेवढंच आहे, आटोपशीर. बाहेर आलं की मात्र मान वर करावी लागते. जुन्या हायवेच्या डोक्यावरून मेट्रो जाते, उड्डाणपुलांवर उड्डाणपूल आहेत. आमच्या लहानपणी इथं उभं राहिलं की कंपन्यांच्या निळ्या-पांढऱ्या बसगाड्या ओळीनं जाताना दिसायच्या. कुठल्या रंगाच्या बसमध्ये कुणाचे वडील, हे आम्हा पोरींना पाठ होतं. माझे वडील पिंपरीत टर्नर होते. ते घरात आले की लेथवर ओततात त्या कूलंटचा तेलकट, गोडसर वास आधी यायचा. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. हैदराबादला एकदा एका वर्कशॉपवरून जाताना तो वास आला, आणि मी बराच वेळ फुटपाथवर उभी राहिले होते.

चाळीच्या जागी उंच इमारत आहे. खाली पार्किंग, फाटकावर इंग्रजी नाव. चाळीमागचा विहार तेवढा अजून आहे, फरशी नवी आणि रंग नवा. संध्याकाळी घरात दिवा मिणमिणायला लागला की आम्ही पोरी विहाराच्या ओट्यावर अभ्यासाला बसायचो. वैशाखातल्या पौर्णिमेला तिथं मोठ्या पातेल्यात खीर व्हायची. शैला दोन वाट्या खायची, तिसरी माझ्या नावावर मागायची आणि तीही खायची. विहारापलीकडच्या मोकळ्या जागेत खो-खो रंगायचा. शैला पळायला लागली की समोरच्या संघातल्या मुली नुसत्या दमायच्या. ती अंगाला हात लागू द्यायची नाही. वाकून, गिरकी घेऊन, खांबाला वळसा घालून निसटायची आणि वर हसायची.

ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू गायकवाड टर्नरची पोरगी का?"

हे कदमकाका, वडिलांच्याच खात्यातले. चाळ पडल्यावर त्यांना याच इमारतीत घर मिळालं होतं. त्यांनी मला बसवून चहा मागवला आणि एकेकाची खबर दिली. "चाळीतली पोरं सगळी आता हिंजवडीला. कुणी लॅपटॉपवर, कुणी कॅब चालवतंय. ट्राफिकमध्ये मात्र सगळे एकत्रच असतात." मग एकदम आठवल्यासारखं म्हणाले, "आणि आपली शैली? लई पळायची ती."

मी म्हटलं, तिच्याकडेच चाललेय.

कुरुळी

भोसरीपर्यंत बस, तिथून पुढे माणसं कोंबून नेणारी रिक्षा. मोशी मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना विचित्र देखावा सुरू होतो. कांद्याचा हिरवागार वाफा, त्याला लागून पत्र्याचं गोदाम, गोदामाला लागून पुन्हा कांदा. बांधावर म्हैस आणि म्हशीमागे नव्याकोऱ्या गाड्या लादलेला लांबलचक ट्रेलर. हैदराबादच्या बाहेरही असे कारखाने आहेत, पण तिथं मधे खडक आहेत, मोकळं माळरान आहे. इथं शेत आणि कंपनी एकमेकांच्या अंगावर रेलून उभी.

शैलाची खोली गावात आक्कांच्या आवारात होती. आक्का मूळच्या कुरुळीच्या. शेत कंपन्यांना गेलं, उरलेल्या जागेत त्यांनी ओळीनं खोल्या बांधल्या आणि कामगारांना भाड्यानं दिल्या. मी पोचले तेव्हा त्या दारात शेंगा निवडत बसल्या होत्या.

"शैलीची मैतरीन व्हय तू? ये, बस. ती येईल आता. पानी पी." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरगी आतनं वाळत चाललीया. आमी इचारतो, ती सांगत न्हाई. तुला सांगंल."

शैला आली ती हळूहळू चालत. मी तिला लांबून ओळखलं नाही. कंपनीचा शर्ट अंगावर लोंबत होता आणि गालाची हाडं वर आली होती. मला पाहून ती हसली, तेव्हा पटलं. मिठी मारली तर हाताला पाठीचे मणके लागले.

"बारीक झालीस," मी म्हटलं.

"तू जाड झालीस," ती म्हणाली. "सरासरी तेवढीच आहे."

हैदराबादहून मी तिच्यासाठी गोंगुऱ्याचं लोणचं नेलं होतं, तिखटजाळ. बरणी बघून तिनं झाकण उघडलं, डोळे मिटून वास घेतला आणि बरणी आक्कांच्या हातात दिली. आक्कांनी बोट बुडवून चाखलं. "ही तर आंबाडी हाय की गं," त्या म्हणाल्या, "तिकडं जाऊन नाव बदललंय व्हय हिनं?" जेवायला आक्कांकडची बाजरीची भाकरी, पिठलं आणि ते लोणचं असं मी खाल्लं. शैलानं समोर बसून मऊ भात आणि ताक घेतलं, तेही चमच्या-चमच्यानं.

तिचा नवरा नामदेव दुसऱ्या पाळीला गेला होता. मुलगी लातूरला आजीकडे राहून कॉलेज करते. खोलीत आम्ही दोघीच होतो. तेव्हा तिनं सांगितलं.

दुखणं काही वर्षांपासूनचं होतं. आधी वाटलं बाहेरचं खाणं, मग वाटलं मूळव्याध. चिंचवडच्या पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं तपासून सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. गोळ्या दिल्या, स्टेरॉइडही दिलं. बरं वाटायला लागलं, पण तोंड सुजलं.

"लाइनवर म्हणायला लागले, शैला मॅडम सुखानं फुगल्या. मग मी ती गोळी बंद केली."

"डॉक्टरांना विचारून?"

तिनं मान हलवली. नाही.

"लाइनवर कसं असतं तुला माहीत नाही, अर्चे. पट्टा चालू असतो. उठायचं तर हात वर करायचा. रिलीव्हर येते, ती आपल्या जागी उभी राहते, मग जायचं. एकदा चालतं, दोनदा चालतं. मी दिवसभर हात वर करते. म्हणून सकाळपासून काही खायचंच नाही, शिफ्ट सुटेपर्यंत. पोटात काही नसलं की थोडं कमी पळावं लागतं."

"आणि भाऊजींना?"

"मूळव्याध म्हणून सांगितलंय. खरं सांगितलं तर ते काम सोड म्हणतील. मला काम सोडायचं नाही." मग ती म्हणाली, "गेल्या आठवड्यापासून रक्त फार जातंय. डॉक्टर ॲडमिट व्हा म्हणाले. मी तुला फोन केला."

मग तिनं मला ते विचारलं, जे इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. परिषदांमध्ये प्रश्न येतात ते आकड्यांचे, पद्धतीचे. ती म्हणाली, "नक्की काय होतं गं आत? डॉक्टर म्हणतात सूज. सूज म्हणजे काय?"

मी वर जसं सांगितलं तसंच तिला सांगितलं. अस्तरातल्या पेशी केमोकाइन सोडतात, पांढऱ्या पेशी येतात, आणि ते थांबत नाही. तिनं लक्ष देऊन ऐकलं.

"मग ते सुटणं बंद करणारं औषध द्या ना."

"तेच शोधतोय. एक वाट बंद केली की शरीर दुसरीनं तेच काम करून घेतं. केमोकाइन पुष्कळ आहेत, आणि पांढऱ्या पेशींवर त्यांना पकडणाऱ्या जागाही पुष्कळ. अशी एक जागा बंद करण्यावर आम्हा सगळ्यांची मोठी आशा होती. उंदरात छान चाललं. माणसांत नाही. पांढऱ्या पेशींना आतड्यात शिरण्यापासून अडवणारी वेगळी इंजेक्शनं आहेत आता. ती बऱ्याच जणांना लागू पडतात. सगळ्यांना नाही."

"म्हणजे तुला अजून सापडलेलं नाही."

"नाही."

"बरं," शैला म्हणाली. "निदान खरं बोललीस."

नामदेव पाळी संपवून आला तेव्हा ती जागीच होती. भिंतीकडे तोंड करून मी झोपल्याचं सोंग घेतलं. तिनं त्याला सगळं सांगितलं. तो लातुरी हेल काढून एवढंच म्हणाला, "मला सांगायचं न्हवं का गं. मी काय काम सोड म्हणलो असतो का." आणि नंतर, "सकाळी जाऊ."

चिंबळी फाटा

सकाळी आम्ही तिघं रिक्षानं चिंचवडला निघालो. या रस्त्याची कोंडी सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेली आहे, आणि त्या दिवशी फाट्याजवळ कुठंतरी एक ट्रेलर आडवा झाला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, मधून दुचाक्या शिरलेल्या. रिक्षावाल्यानं इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली.

शैलाचा चेहरा बदलत गेला. आधी ती माझ्याशी बोलत होती, मग गप्प झाली, मग तिनं समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. "अर्चे," ती म्हणाली, "आता."

मी बाहेर पाहिलं. धाबा नाही, पेट्रोल पंप नाही. रस्त्याच्या कडेला एका कंपनीची भिंत आणि लांबवर तिचं फाटक. आम्ही उतरलो. नामदेवनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. गाड्यांच्या मधून, हॉर्नच्या मधून आम्ही ते अंतर चाललो. ती पाय ओढत होती, वाकली होती, आणि तिच्या कपाळावर घाम होता. माणसं दुचाकीवरून बघत होती.

फाटकावरच्या गार्डनं हात आडवा केला. "पास?"

नामदेव समजावून सांगायला लागला, पण त्याला शब्द सापडेनात. तेवढ्यात केबिनमधून दुसरी गार्ड बाहेर आली. पन्नाशीची बाई, खाकी शर्टवर स्वेटर. तिनं शैलाकडे एकदा पाहिलं. "काय झाला गो तिका?" ती कोकणातली होती. उत्तराची वाट न बघता तिनं आडवा हात बाजूला केला. "एंट्री मागनं करूया. चला आत." आणि शैलाच्या खांद्याभोवती हात टाकून ती तिला केबिनच्या मागच्या बायकांच्या संडासात घेऊन गेली.

मी दाराबाहेर उभी होते. आतून बराच वेळ आवाज नाही. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. कडी लावलेली नव्हती, गार्डबाईनं लावू दिली नव्हती. आत शैला भिंतीला टेकून खाली बसली होती, ओठ पांढरे पडलेले. फरशीवर किती रक्त होतं ते मी इथं लिहीत नाही. अशा आतड्यांचे तुकडे मी वर्षानुवर्षं काचेवर पाहिलेत. तिथं रक्त नसतं, सगळं धुऊन, रंगवून आलेलं असतं.

गार्डबाईनं कंपनीची रुग्णवाहिका मागवली. आमची कुणाशी ओळख नव्हती, शैला त्या कंपनीची कामगारही नव्हती. वरच्या साहेबांना तिनं फोनवर काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. गाडी आली. सायरन लावल्यावर तोच अडकलेला रस्ता कसाबसा दुभंगला. निघताना गार्डबाईनं आपलं स्वेटर काढून शैलाच्या पायांवर घातलं. तिचं नाव विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. पुढे नामदेव स्वेटर परत करायला गेला, तेव्हा एजन्सीनं तिला दुसऱ्या फाटकावर पाठवलं होतं. कुठल्या, ते कुणाला सांगता आलं नाही.

चिंचवड

दवाखान्यात शैलाला रक्त चढवलं आणि शिरेतून स्टेरॉइड सुरू केलं. डॉक्टर शांत स्वभावाचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. मी काय काम करते हे कळल्यावर त्यांनी माझ्याशी वैद्यकीय इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. मीच म्हटलं, मराठीत सांगा, भाऊजींनाही कळू दे.

ते म्हणाले, "दोन-तीन दिवस बघू. सूज उतरली तर इंजेक्शनवर नेऊ. नाही उतरली तर मोठं आतडं काढावं लागेल."

ते दिवस मी चिंचवडमध्ये काढले. नामदेव आणि मी आळीपाळीनं शैलाजवळ बसायचो. माझी पाळी नसली की मी आसपास भटकायचे. चाफेकर चौकातून गावठाणात गेलं की बोळ अजून तसेच आहेत. एका छोट्या हॉटेलात मिसळ खाल्ली, आणि रस्सा पहिल्यांदा जिभेला लागला तसा वडिलांच्या पगाराचा रविवार आठवला. आम्ही सगळे इथं सायकलींवरून यायचो. वडिलांच्या पुढच्या दांडीवर मी आणि मागच्या कॅरिअरवर शैला. तिच्या घरून तिला आमच्याबरोबर पाठवायचे. पवनेच्या काठी उभं राहून पाहिलं. पाणी पुढे सरकत होतं, पण त्याच्या रंगाबद्दल न बोललेलं बरं. आम्ही त्यात पाय सोडून बसायचो हे तिथल्या कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

शैला पडून पडून जुन्या गोष्टी काढायची. शाळेतली इतिहासाची बाई, चाळीतलं पाण्याचं भांडण, स्टेशनवरचा बोरं विकणारा. एकदा म्हणाली, "मी पळायची ना गं चांगली?" मी म्हटलं, "तुझ्यासारखं कुणी नाही." "मग ठीक आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, मी आपली मनानंच मोठं करून ठेवलंय."

सूज उतरली नाही. एक्स-रेत आतडं फुगलेलं दिसलं, फुटण्याची भीती होती. डॉक्टरांनी खुर्ची ओढून शैलाजवळ बसून सांगितलं. मोठं आतडं काढायचं, लहान आतड्याचं तोंड पोटावर आणायचं, त्याला पिशवी लावायची. पुढे जमलं तर आतून जोडणी करता येते. आज मात्र थांबायला वेळ नाही.

नामदेव खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. शैलानं माझ्याकडे पाहिलं. "तुझं काय मत?"

"मी तुझ्या जागी असते तर काढलं असतं."

"एवढी वर्षं त्याच्यावर काम करून?"

"हो."

तिनं डोळे मिटले. "पिशवी दिसते का गं बाहेरून?"

"कपड्याआत राहते."

"लाइनवर उभं राहता येतं?"

हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "काही महिन्यांनी येतं. जड उचलायचं नाही."

"मग काढा," शैला म्हणाली.

शस्त्रक्रिया नीट झाली. शुद्धीवर आल्यावर पहिल्या दिवशी तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी नर्सनं पांघरूण बाजूला केल्यावर तिनं पोटाकडे पाहिलं, मान फिरवली, आणि थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. नामदेव पिशवी कशी बदलायची ते तिच्याआधी शिकला. मोठे, ग्रीस मुरलेले हात, पण फार हलके चालत होते.

काढलेलं आतडं तपासायला गेलं होतं. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंना माझ्याबद्दल कळलं होतं. त्यांनी विचारलं, काचपट्ट्या बघायच्या आहेत का. मी म्हटलं, पेशंटला विचारते. शैलाला विचारलं तर ती म्हणाली, "बघ की. आणि मला येऊन सांग कसं होतं."

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला मला वेळ लागला. गुलाबी आणि जांभळा रंग, रोजचाच. अस्तराच्या नळ्या वेड्यावाकड्या झालेल्या, आणि त्यांच्या पोकळीत पांढऱ्या पेशी ठासून भरलेल्या. तुकडे पडल्यासारखं केंद्रक असलेल्या या पेशी मी झोपेतही ओळखीन. काही नळ्या फुटल्या होत्या. काही ठिकाणी अस्तरच नव्हतं, पेशींचा नुसता खच होता. मी हे चित्र शेकडो वेळा पाहिलंय, त्यावर लेख लिहिलेत, विद्यार्थ्यांना शिकवलंय. त्या दिवशी मला काच सरकवता येईना. हे खीर खाणाऱ्या, माझ्या मागे सायकलवर बसणाऱ्या मुलीचं आतडं होतं.

परत येऊन मी शैलाला सांगितलं. जसं दिसलं तसं, काही न लपवता.

"एवढ्या आल्या होत्या?"

"एवढ्या."

"आणि आत जंतूबिंतू काहीच नव्हतं?"

"काही नव्हतं."

ती म्हणाली, "त्यांना काय बोलायचं. बोलावलं म्हणून आल्या बिचाऱ्या."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. तिथं एक मावशी फरशी पुसत होत्या. त्यांनी काही न विचारता बादली दुसरीकडे नेली.

नारायणगावच्या वाटेवर

शैला घरी गेल्यावर मी हैदराबादला परतले. कामाला लागले. पट्ट्या त्याच आहेत, उंदीर तेच आहेत. फरक एवढाच की तुकडे येतात तेव्हा बरोबर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, आणि मी आता त्या क्रमांकाकडे थोडा जास्त वेळ बघते.

पावसाळा सरल्यावर मी पुन्हा कुरुळीला गेले. या वेळी कुणी बोलावलं नव्हतं. शैलाचे गाल भरले होते. तिनं कंपनीत खरं सांगून टाकलं होतं. सुपरवायझर आधी गडबडले, मग त्यांनी तिला बसून करायच्या तपासणीच्या कामावर घेतलं. लाइनवरच्या बायकांनी एक दिवस कुजबुज केली, दुसऱ्या दिवशी एकीनं येऊन स्वतःच्या बहिणीच्या पोटाबद्दल विचारलं. पिशवीचा त्रास आहेच. कधी चिकटपट्टी सुटते, कातडी लाल होते, आवाज येतो तेव्हा ती शरमते. आतून जोडणीचा विषय डॉक्टरांनी काढला की म्हणते, बघू. आक्कांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ती पिशवी न्हाई का काढत आता?" शैलानं ते ऐकलं आणि आतून म्हणाली, "आक्का, ती राहू दे. ती मला पळवत तरी नाही." आक्कांना हसू आवरेना.

रविवारी सकाळी शैला साडी नेसून तयार. "चल, कुठंतरी जाऊ."

"कुठं?"

"कुठंही. एसटीत बसून. किती वर्षं झाली मी चिंचवडच्या पुढं गेले नाही माहितेय? पोरीला भेटायलाही लातूरला गेले नाही. तीच येते."

चाकणला जाऊन आम्ही नाशिकच्या बाजूची जी बस आली तिच्यात चढलो आणि मंचरची दोन तिकिटं काढली. मंचरला उतरायचं, बाजारात हिंडायचं, परत यायचं असं ठरलं. शैला खिडकीशी बसली. कंपन्या संपल्या. राजगुरुनगर गेलं, भीमेचा पूल गेला, मग दोन्ही बाजूंना ऊस, झेंडू, कांद्याची रोपं. घाटात गार वारा आला. आधी ती सगळं मला दाखवत होती, हे बघ, ते बघ. मग तिचं बोलणं तुटक झालं आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं.

मला नामदेवचं बोलणं आठवलं. तो म्हणाला होता, आजार लागल्यापासून शैला गाडीत कधी झोपली नाही. रिक्षा असो, बस असो, सारखी बाहेर बघत असायची, कुठं उतरता येईल ते हेरत.

मंचरच्या स्टँडवर बस थांबली. माणसं उतरली, टोपल्या उतरल्या. कंडक्टर आमच्याजवळ आला. "ताई, मंचर. उठवा त्यांना."

मी शैलाकडे पाहिलं. तोंड थोडं उघडं, कपाळावर केस, श्वास संथ.

"राहू द्या," मी हळू आवाजात म्हटलं. "नारायणगावची दोन द्या."

त्यानं तिकिटं फाडली, घंटी दिली आणि बस पुढे निघाली.